जबल शम्सवरची सोय

मस्कतला निघताना माझ्या वहीत सव्वीस नोंदी होत्या. आईची औषधं, चष्म्याची जादा जोडी, भाजणी, मेतकूट, गुडघ्याचे पट्टे वगैरे. शौचालय ही नोंद त्यांत नव्हती. परतले तेव्हा वहीची अकरा पानं त्याच विषयाने भरलेली होती. ओमान पाहून आलेली माणसं समुद्र, किल्ले आणि खजूर यांच्याबद्दल सांगतात. ते सगळं मीही पाहिलं आणि ते चांगलंच आहे. पण कडाक्याच्या थंडीत डोंगरावर भाड्याची शौचालयं न्यायची तर काय काय करावं लागतं, हे मराठीत लिहिलेलं मला कुठे सापडलं नव्हतं. पुढे जाणाऱ्यांची तेवढी अडचण कमी व्हावी.

अझैबा

मी पुण्यात मुलींच्या एका वसतिगृहाची अधीक्षक आहे. बावीस वर्षं हेच काम. २०१६च्या जानेवारीत पंधरा दिवसांची रजा काढून आईला धाकट्या भावाकडे, नितीनकडे घेऊन गेले. नितीन आणि त्याची बायको मानसी मस्कतच्या अझैबा भागात राहतात. त्यांची मुलगी इरा अकरा वर्षांची आहे आणि मराठी बोलण्याआधी थोडा वेळ विचार करते.

आई शहात्तर वर्षांची. सातारा जिल्ह्यातल्या शाळांमध्ये तिने एकतीस वर्षं भूगोल शिकवला. तीन वर्षांपूर्वी कोल्हापूरच्या एसटीत तिला वेळेवर उतरता आलं नाही. एवढंच झालं, आणि बसमध्ये कोणाच्या लक्षातही आलं नाही. पण तेव्हापासून आईने आपल्या प्रवासाला हद्द घालून घेतली : घरापासून अर्ध्या तासाच्या आत. नाइलाजाने पुढे जावंच लागलं तर आदल्या संध्याकाळपासून पाणी बंद. त्यापायी एकदा दवाखान्यात चार दिवस काढून झाले, तरी नियम बदलला नाही. मस्कतला ती आली कारण विमानात बारावी रांग आणि तिथून शौचालय सहा पावलांवर, हे मी आधी पाहून ठेवलं होतं.

पहिल्याच संध्याकाळी नितीनने एक फोटो दाखवला. ओळखीच्या मराठी कुटुंबांनी मिळून त्या शुक्रवारी जबल शम्स या डोंगरावर एक मुक्काम ठरवला होता. तिथे कडा एकदम तुटतो आणि खाली प्रचंड दरी आहे. आईने चष्मा वरखाली करत फोटो बराच वेळ पाहिला.

"किती खोल?"

"हजार मीटर तरी असेल."

"फोटोत वाटत नाही तेवढी." मग चष्मा काढून, "तिथे सोय काय आहे?"

"सोय कसली, आई? एवढा मोठा डोंगर पडलाय," नितीन म्हणाला आणि हसला.

आईने फोटो परत दिला. "तुम्ही जाऊन या. मी इराच्या खोलीत वाचत बसेन."

एकतीस वर्षं जिने फळ्यावर दरी काढली, तिने खरी दरी एकदाही पाहिलेली नव्हती. मी वहीत सत्ताविसावी नोंद केली.

कुरुम

सोमवारी संध्याकाळी कुरुममध्ये एका घरी बैठक होती. साबुदाणा वडे गरम होते. बेचाळीस माणसं येणार होती. जेवणाच्या बेतावर चाळीस मिनिटं चर्चा झाली, त्यातली पंधरा पिठल्यावर. गाण्याच्या भेंड्यांसाठी स्पीकर कोणाचा, यावर दहा. सोयीवर तीन.

त्या तीन मिनिटांत कळलं ते असं. आदल्या वर्षी पुरुष मोठ्या खडकाच्या डावीकडे गेले, बायका उजवीकडे. बायकांनी दोन दिवस पाणी जवळजवळ घेतलंच नाही, आणि परतताना त्यांच्यातल्या तिघी डोकं धरून बसल्या होत्या. सगळ्यांचं मत पडलं की यंदा 'त्याचं काहीतरी' करायला हवं. 'ते' म्हणजे काय, हे कोणीच म्हणेना.

"शौचालयं भाड्याने मिळतात," मी म्हटलं. "रस्त्याच्या कामावर असतात ती. बेचाळीस माणसांना तीन लागतील."

एका गृहस्थाने वडा खाली ठेवला.

"ताईंना अनुभव आहे," मानसी म्हणाली. काम माझ्याकडे आलं.

मदतीला मंगेश मिळाला. तो लांज्याचा, मस्कतमधल्या एका कंपनीत नळजोडणीचं काम करतो, आणि तिथल्या बहुतेक मराठी घरांचे नळ त्याने कधी ना कधी उघडलेले आहेत.

औद्योगिक भाग, मंगळवार

गोदामाच्या अंगणात निळ्या प्लास्टिकची चाळीसेक शौचालयं ओळीने उभी होती. मालक सालिम पन्नाशीचा, पांढरा पायघोळ दिशदाशा आणि डोक्यावर भरतकामाची टोपी. भारतीय कामगारांबरोबर वर्षं काढल्यामुळे त्याचं हिंदी माझ्यापेक्षा वेगवान होतं.

"मैडम, मेरा टॉयलेट पचास डिग्री में चलता है."

"मला शून्यात चालणारं हवंय," मी हिंदीत सांगितलं.

"ओमान में?"

"जबल शम्सवर. जानेवारीत."

तो मंगेशकडे वळला. मंगेशने खांदे उडवले. "अर्बाब, ताई जे बोलतात ते वहीत लिहिलेला असता," तो आपल्या हिंदीत मालकाला म्हणाला. सालिमने वही मागितली. देवनागरी त्याला येत नव्हती, तरी त्याने पानं उलटून पाहिली आणि चहा मागवला.

तासाभरात पुढच्या गोष्टी ठरल्या. शौचालयाखाली अडीचशे लिटरची बंद टाकी असते आणि तिच्यात निळं औषध घालतात. थंडीत ते गोठू नये म्हणून प्रत्येक टाकीत वीस लिटर पाण्यात तीन किलो जाडं मीठ विरघळवायचं. दारं वाऱ्याच्या उलट दिशेला. चारही कोपरे पट्ट्यांनी जमिनीला बांधायचे. स्वयंपाकाच्या तंबूपासून चाळीस पावलं, आणि उताराच्या खालच्या अंगाला. मस्कतच्या घराघरांत असते तशी पाण्याची पिचकारी बसवायची नाही, नळी गोठते. त्याऐवजी हजार लिटरची पांढरी टाकी वेगळी न्यायची, आणि चुलीवर तापवलेलं पाणी गोधड्या गुंडाळलेल्या पिंपात ठेवायचं. टाक्या उपसणारी गाडी शनिवारी दुपारी वर येणार, त्याआधी नाही.

निघताना सालिम म्हणाला, "एक बात. इसमें पानी मत डालना. थोड़ा, बस. ये घर का नहीं है."

तेही मी चौथ्या पानावर लिहून घेतलं.

अल मवालेह

बुधवारी भाजीच्या मोठ्या बाजारात गेलो. एवढा स्वच्छ भाजीबाजार पाहून मला जरा चुकल्याचुकल्यासारखं झालं. कोणी ओरडत नव्हतं. कांदे, बटाटे, हिरव्या मिरच्या, सालालाहून आलेली केळी. शेवटी मी दहा किलो जाडं मीठ मागितलं. दुकानदार केरळचा होता.

"लोणचं घालताय, दीदी?" त्याने हिंदीत विचारलं.

मी हो म्हटलं. बरोबर आई होती. गाडीत बसल्यावर म्हणाली, "एवढं मीठ कशाला ते मला कळलंय. मी येणार असं मी अजून म्हटलेलं नाही."

"तू आली नाहीस तरी बाकीचे एकेचाळीस आहेत."

"कडी आतून लागते ना?"

"लागते. मी तिन्ही लावून पाहिल्यात."

घर येईपर्यंत ती बाहेर पाहत होती. रात्री तिने आपली शाल बॅगेत भरलेली दिसली.

अल हमरा

शुक्रवारी सकाळी सातला निघालो. आईच्या हातात पाण्याची भरलेली बाटली होती. दोन तासांनी निजवा आलं तेव्हाही बाटली तेवढीच भरलेली होती. निजव्याला आम्ही अंडं आणि चीज घातलेली, पापडासारखी पातळ कुरकुरीत रोटी खाल्ली. आईने कोरडी रोटी खाल्ली, पाणी घेतलं नाही. मी वसतिगृहात एक शिकले आहे, रांग लागण्याआधी बोलून उपयोग नसतो.

सालिमची गाडी, मागे तीन निळे डबे बांधलेली, अल हमराजवळच्या त्याच्या गावात आमची वाट पाहत होती. गाव खजुराच्या बागांना टेकून आहे. त्याच्या आईने आम्हाला घरात बोलावलं. नितीन आणि मंगेश बाहेरच्या बैठकीत बसले, आम्ही बायका आत, गालिच्यावर. सालिमची आई आईच्याच वयाची असावी. भाषा एकही समान नाही, पण दोघी एकमेकींचे गुडघे दाखवून दहा मिनिटं बोलल्या.

मग खजूर आले, आणि कहवा. बिनसाखरेची, बिनदुधाची, वेलदोड्याच्या वासाची कॉफी, कान नसलेल्या वाटीएवढ्या कपात. आईने नको म्हणण्यासाठी माझ्याकडे पाहिलं. समोर सालिमची म्हातारी आई स्वतः ओतत होती. आईने कप घेतला, संपवला, आणि आपल्याकडे जसा परत करतात तसा समोर धरला. त्यांनी पुन्हा भरला. आईने तो संपवला. त्यांनी पुन्हा भरला. आईचा चेहरा, अन्न टाकू नये असं वर्गात शिकवलेल्या माणसाचा झाला होता. पाच कप झाले.

बाहेर आल्यावर सालिमला विचारलं. तो म्हणाला, नको असेल तर कप हातात धरून किंचित हलवायचा असतो. स्थिर धरला म्हणजे आणखी हवा.

गाडीत आई म्हणाली, "हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"मला माहीत नव्हतं."

"तुझ्या वहीत सगळं असतं."

पुढचा रस्ता चढणीचा, आणि शेवटचे काही किलोमीटर कच्चा, खडीचा. नितीन सावकाश चालवत होता. सावकाश चालवल्याने धक्के कमी बसत नाहीत, जास्त वेळ बसतात. आईने दोन्ही हातांनी पुढची सीट धरली होती. इरा म्हणाली, "आजी, यू ओके?" आई म्हणाली, "बाहेर बघ. हे सगळे चुनखडक आहेत."

जबल शम्स, शुक्रवार दुपार

वर पोचलो तेव्हा बारा वाजले होते. ऊन होतं, पण ऊन असून नसल्यासारखं, हात खिशाबाहेर काढवत नव्हते. आखूड, पिळवटलेली झाडं आणि बकऱ्या. कोणी दरीकडे धावलं, कोणी फोटो काढायला. मी सालिम आणि मंगेशला पहिला डबा आधी उतरवायला लावला. पट्ट्या बांधून होईपर्यंत नऊ मिनिटं लागली. आई गाडीतच बसून होती, काचेतून सरळ पुढे पाहत. मी मीठपाणी ओतलं, औषध घातलं, आत एकदा स्वतः घासून घेतलं, दोन बादल्या ओतल्या, आणि तिला हात देऊन आणलं.

आई आत गेली. कडी लागल्याचा आवाज आला. मंगेश पाठ करून डोंगराकडे पाहत उभा राहिला, सालिमही.

ती बाहेर आली, हात धुतले, शाल नीट केली. "हवा चांगली येते," ती म्हणाली. "आणि कडी घट्ट आहे." मग, दरी उद्या सूर्योदयालाच बघेन म्हणत, काठी घेऊन बाकीच्या मंडळींकडे निघाली. मी वहीत खूण केली आणि उरलेले दोन डबे लावून घेतले. प्रत्येक दारावर प्लास्टिकच्या पिशवीत घालून मी सूचनांचा कागद चिकटवला.

थालीपिठं उत्तम झाली. पिठलं जेवढं बोललं गेलं होतं तेवढं चांगलं नव्हतं. तिथल्या गावातल्या बायका बकरीच्या केसांचे विणलेले पट्टे विकायला आल्या, मानसीने दोन घेतले. दुपारभर बायका मोकळेपणाने पाणी पीत होत्या, चहा मागत होत्या. एक जण मला येऊन म्हणाली, "ताई, गेल्या वर्षी येऊनही, मी इथे आले असं मला आजच वाटतंय." सालिम खाली गावी परत गेला. मी समाधानात होते.

साडेचारला मंगेश आला. "ताई, जरा बघा चला."

त्याने पहिल्या डब्यात विजेरी धरली. टाकी काठोकाठ आली होती. दुसरीही. तिसरी अर्ध्यावर होती, ती जरा लांब असल्यामुळे.

"असं कसं? माझा हिशोब माणशी दोन लिटरचा होता."

मंगेशने दार लावलं आणि माझ्या कागदाकडे बोट केलं. वसतिगृहात बावीस वर्षं मी जो कागद लावत आले तोच, त्याच क्रमाने, हाताला सवयीचा. पहिली ओळ : वापरण्यापूर्वी व वापरल्यानंतर भरपूर पाणी टाकावे.

"अक्षर तुमचाच वाटता," मंगेश म्हणाला.

"माझंच आहे."

"बायकांनी पाळलानी हां पण. बादली आधी, बादली नंतर. मी स्वतः बघितला." त्याने विजेरी बंद केली. "पुरुषांनी पन पाळला. मी पन."

मीठही त्यामुळे पातळ झालं होतं. उपसणारी गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी. फोन लागत नव्हता. सूर्य कड्याच्या मागे गेल्याबरोबर पारा जो उतरायला लागला तो दिसत होता. मी दोन डब्यांची दारं दोरीने बांधून टाकली आणि सगळ्यांना तंबूत बोलावून जसं घडलं तसं सांगितलं. चूक माझी आहे हे आधी सांगितलं, त्याने वेळ वाचतो.

पुरुषांनी लगेच मोठ्या खडकाची डावी बाजू पत्करली. एक जण म्हणाला, "जुनी जागा आहे, सवय आहे." राहिला एक डबा, तेवीस बायका-मुलं, आणि नियम एकच : माणशी एक तांब्या.

"एका तांब्यात काय होतं, ताई?"

"घाण राहील ना."

"मी तर नाहीच जाणार मग. पाणीच पीत नाही आता."

इरा म्हणाली, "आत्या, टँक फुल झाला तर मी कुठे जायची?"

चहाचे कप एकेक करून खाली ठेवले जाऊ लागले. एका बाईने आपला अर्धा चहा खडकावर ओतून दिला. मी आईकडे पाहिलं. तिचाही कप भरलेला होता, आणि तो ती हळूच बाजूला सरकवत होती. उद्या सकाळी दरी पाहण्याआधी ती नितीनला गाडी काढायला सांगणार, हे मला तिच्या हाताकडे पाहून कळलं. वहीत यावर काही नव्हतं.

आईचा हात कपावर थांबला. तिने समोरच्या बाईने ओतलेल्या चहाचा ओघळ पाहिला. मग काठी टेकून उठली.

"नितीन, ती घडीची खुर्ची आण. मंगेश, पिंप डब्यापाशी ठेव. तांब्या माझ्याकडे दे."

"आई, थंडी आहे," नितीन म्हणाला.

"मग गोधडीही आण."

चाळीस पावलांवर, निळ्या डब्याच्या शेजारी, आई खुर्चीवर बसली. पायांवर गोधडी, कानाला शाल, मांडीवर तांब्या. जी बाई येईल तिला ती पिंपातून मोजून कोमट पाणी द्यायची आणि तांब्या परत घ्यायची.

"काकू, थोडं जास्त द्या ना."

"आमच्या शाळेला नळ नव्हता तेव्हा एका तांब्यात पाच शिक्षिकांचं भागायचं. पुढची."

"आम्हाला सवय नाही हो."

"आज लागेल. पुढची. तू, लाल स्वेटर, रांगेत उभी राहा."

दोन तास ती तिथेच होती. तीन वर्षं जो विषय ती घरातही काढू देत नव्हती, त्याच्या दाराशी बसून तिने सगळ्या बायका-मुलांना जाऊ दिलं, आणि दोनदा तांब्या माझ्याकडे सोपवून स्वतःही गेली. भेंड्यांचा आवाज आला तसं ती म्हणाली, "त्यांना सांग, हळू म्हणा. मला इथे रांगेतलं ऐकू येत नाही." मग चहा मागवला.

जबल शम्स, शनिवार सकाळ

नितीनच्या गाडीत तापमान उणे दोन दाखवत होतं. तंबूवर पांढरी बारीक पूड पडली होती. मंगेशने तिन्ही टाक्या तपासून माझ्याकडे अहवाल दिला : पहिल्या दोन्हींत वर बर्फाचा पापुद्रा, तिसरी व्यवस्थित, बोटभर जागा शिल्लक. पहिल्या डब्यासमोर सांडलेलं पाणी गोठलं होतं, त्यावरून नितीन घसरला आणि बसूनच राहिला. हाड शाबूत. वहीत दोन्ही नोंदी आहेत.

सूर्य वर आला तेव्हा आम्ही कड्यावर होतो. आधी वरचा काठ तांबूस झाला, मग उजेड भिंतीवरून खाली सरकत गेला, थर मोजता येतील इतका सावकाश. तळ शेवटपर्यंत काळाच होता. आई दगडावर बसून पाहत होती. मी तिच्या काठीपाशी उभी होते.

"फळ्यावर मी ही फारच अरुंद काढायचे," ती म्हणाली.

बऱ्याच वेळाने मागे गाडीचा आवाज झाला. सालिम होता. आपले डबे रात्रीतून तगले का, ते पाहायला तो लवकर आला होता. त्याच्या आईने पाठवलेला कहव्याचा थर्मास आणि खजूर त्याच्या हातात होते. मी त्याला टाक्यांचं सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मैडम, आपने लिखा था ना?"

"लिखा था," मी म्हटलं.

तो कड्यावर आला, आईपुढे वाकला आणि कप भरून दिला. "अम्मा, मेरी माँ ने भेजा." आईने तो प्याला. सालिमने पुन्हा भरला. आईने तोही प्याला. परतीचा रस्ता साडेतीन तासांचा होता, त्यातला सुरुवातीचा खडीचा. मी हलकेच खोकले.

आईने माझ्याकडे पाहिलं. मग चाळीस पावलांवरच्या तिसऱ्या डब्याकडे. मग पुन्हा दरीकडे वळली, आणि रिकामा कप अगदी स्थिर समोर धरला.